महिना आधी

जी गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही, ती आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. मिशिगनमधल्या आमच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे गावपालिकेच्या हद्दीत, औषधी गांजाच्या दुकानांना परवानगी मिळावी आणि त्यांना कडक नियमही असावेत, असा प्रश्न मतपत्रिकेवर यावा म्हणून नलूकाकूंनी सह्या गोळा केल्या होत्या. त्या सह्यांचे कागद तपासायला माझ्याकडे होते. त्यातली एक चूक मला दिसली. ती सुधारायला आठ दिवस हातात होते. मी कागद जसेच्या तसे परत दिले आणि म्हणालो, "सगळं ठीक आहे, काकू."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. काकू आज ऐंशीच्या पुढे आहेत.

नलूकाकू मूळच्या अमरावतीच्या. लग्न होऊन इथे आल्या, पुन्हा शिकल्या आणि तीस वर्षं एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट होत्या. नोव्हाय गावापासून दहा मिनिटांवर त्यांचं घर. आम्ही पुण्याहून नवे आलो तेव्हा पहिला कुकर, पहिलं बर्फ उपसायचं फावडं आणि पहिला दम आम्हाला त्याच घरातून मिळाला. बुटक्या, ताठ, केस कापलेले, आणि गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. बोलताना अमरावती मधूनच डोकं वर काढायची. रागावल्या की "काऊन रे?" आणि खूश झाल्या की "बाप्पा!"

इथल्या औषधाच्या दुकानात सुट्या गोळ्या ट्रेवर ओततात आणि एका चपट्या पट्टीनं पाच-पाच करून बाजूला ओढतात. काकू निवृत्त झाल्या, पण ती पट्टी त्यांच्या बोटांतून गेली नाही. पोह्यांवरचे शेंगदाणे त्या पाच-पाचनं वाटीत ओढत. हळदीकुंकवाला आलेल्या बायका, पार्किंगमधल्या गाड्या, गणपतीच्या आरतीला उभी माणसं, सगळं पाच-पाचच्या ढिगांत मोजलं जाई. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात मोदक कमी पडतील असं त्यांनी पंगत बसायच्या आधीच सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. कमी पडले. काकूंनी आपल्या पानातला मोदक उचलून अध्यक्षांच्या पानात ठेवला आणि वरण-भात कालवला.

दुसरी सवय म्हणजे "डोस सांग." कुठलंही मोघम वाक्य त्यांना चालायचं नाही. ध्यान केल्यानं मन शांत होतं असं कुणी म्हटलं की काकू विचारणार, किती मिनिटं, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर? माझी मुलगी एकदा त्यांच्या सोफ्यावर पडून म्हणाली, "काकू, आय ॲम सो स्ट्रेस्ड." काकूंनी चष्मा लावला आणि इंग्रजीतच विचारलं, "हाऊ मेनी टाइम्स अ डे?" मुलगी हसायला लागली, मग खरंच मोजायला लागली.

वसंतकाका अगदी वेगळे. मोटार कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य गेलं. अक्षर असं की किराण्याची यादीसुद्धा फ्रेम करून लावावी. चाळीस वर्षं अमेरिकेत काढून त्यांनी एका बाबतीत अमेरिकेला दाद दिली नव्हती: तारीख. ऑफिसात नाइलाजानं महिना आधी लिहीत, पण घराच्या कॅलेंडरवर, चेकबुकाच्या मागे, लोणच्याच्या बरणीवर दिवस आधी, मग महिना, मग वर्ष. "लहान, मोठं, त्याहून मोठं. हा क्रम आहे," ते म्हणत. "हे लोक मधूनच सुरू करतात."

हे काका आजारी पडले. केमो सुरू झाली आणि त्यांचं जेवण सुटलं. वासानंच पोट ढवळून यायचं. उलटीची नेहमीची औषधं झाली. शेवटी त्यांच्या डॉक्टरांनीच गांजाच्या तेलाचं नाव काढलं. राज्यात तेव्हा डॉक्टरच्या सहीनं रुग्णाला कार्ड मिळायचं आणि ते दाखवून माल घेता यायचा. काकू सुरुवातीला ऐकूनही घेईनात. तीस वर्षं त्यांनी अशी औषधं डबल कुलपात ठेवली होती. पण त्या नुसतं नाही म्हणून थांबल्या नाहीत. पंधरा दिवस वाचत बसल्या, एक वही केली, आणि मग डॉक्टरांना फोन करून विचारलं, "ठीक आहे. डोस?"

त्या वहीतलं पहिलं पान मी पाहिलं आहे. जिभेखाली दोन थेंब, वेळ, नाडी. खाली काकूंच्या तिरक्या अक्षरात: "पंचेचाळीस मिनिटांनी स्वतःहून मेतकूट मागितलं. मऊ भात, मेतकूट, लिंबाचं लोणचं. वाटीभर. उलटी नाही." शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा.

अडचण एकच होती. आमच्या टाउनशिपमध्ये अशा दुकानाला परवानगी नव्हती. जवळचं दुकान हायवेनं पाऊण तास, आणि काकू हायवेवर गाडी चालवत नसत. ट्रकच्या शेजारून जाताना आपण औषधाच्या गोळीएवढे वाटतो, म्हणायच्या. मग त्या एट माइल, नाइन माइल, टेन माइल अशा नावांचे आतले रस्ते जोडत, प्रत्येक सिग्नलला थांबत, दीड तासानं पोहोचायच्या. येताना पुन्हा तेवढाच वेळ. त्या दिवशी काकांजवळ कुणाला तरी बसवायचं. बर्फ पडला की जाणंच रद्द, आणि काकांचं जेवणही.

त्यांच्या गल्लीतली कॅरल नावाची निवृत्त शिक्षिका अशा दुकानांसाठी सह्या गोळा करायचं ठरवत होती. काकू एका संध्याकाळी तिच्याकडे गेल्या आणि येताना अर्ध्या मोहिमेची जबाबदारी घेऊन आल्या.

मंडळाच्या कमिटीत त्यांनी विषय काढला तेव्हा मी तिथे होतो. कॉफीचे कप खाली ठेवले गेले. गांजा हा शब्द मराठीत उच्चारला की डोळ्यांसमोर चिलीम येते, इथे त्या दुकानाला म्हणतात तसं डिस्पेन्सरी म्हटलं की येत नाही. काकूंनी मुद्दाम मराठीतच म्हटलं होतं. अध्यक्ष म्हणाले, काकू, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मंडळाचं नाव यात नको, मुलं आहेत, लोक काय म्हणतील. काकू म्हणाल्या, "नाव नको देऊ बाप्पा. पण आपल्या बटाटेवड्यानं इथल्या किती लोकांचं कोलेस्टेरॉल वाढलं ते मोजलं का कधी? त्यावर तर मंडळाचा बॅनर असते." मंडळाचं नाव मिळालं नाही. सहलीत एक टेबल लावायची परवानगी मिळाली.

टाउनशिपच्या सभागृहात सुनावणी झाली. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. काकूंनी घरून कुकरसाठी वापरतात तो टायमर नेला आणि माइकपाशी ठेवला. आधीचे दोघे-तिघे मुलांचं काय होईल यावर तळमळून बोलले होते. काकूंनी त्यांना खोडलं नाही. त्या म्हणाल्या, मलाही तीच काळजी आहे, म्हणून तर मला नियम हवेत. मला हे कुणाच्या गॅरेजमध्ये, पुडीत, लेबलाशिवाय नको आहे. मला कुलूप हवं, लेबल हवं, दिवा हवा. शाळेपासून लांब हवं आणि संध्याकाळी वेळेत बंद व्हायला हवं. तीस वर्षं मी याहून धोकादायक गोष्टी मोजल्या आहेत, माझी एकही गोळी हरवलेली नाही. मग त्यांनी मेतकूट-भाताबद्दल सांगितलं. मेतकूटला इंग्रजीत काय म्हणायचं ते त्यांना सुचलं नाही, म्हणून मेतकूटच म्हणाल्या. सभागृहात कुणालाही ते कळायची गरज पडली नाही. टायमर वाजला तेव्हा त्यांचं बोलून झालेलं होतं.

सह्यांचं काम जूनमध्ये सुरू झालं. नियम असा की सही करणारा टाउनशिपचा नोंदलेला मतदार हवा, आणि सहीशेजारी त्यानं स्वतःच्या हातानं तारीख घालायला हवी. वसंतकाकांनी हट्टानं एक क्लिपबोर्ड घेतला. बरं असलेल्या दिवशी ते मंडळाच्या सहलीत, मग दोन शनिवार इंडियन ग्रोसरीच्या दारात, घडीच्या खुर्चीवर बसले. टोपी, अंगावर शाल, मांडीवर कागद. आपल्या लोकांनी त्यांच्याकडे बघूनच सह्या केल्या. आणि पेन हातात घेऊन कुणी विचारलं, "काका, आज तारीख काय?" की काका आपल्या खणखणीत आवाजात सांगायचे, "दहा-सहा." पुढच्या शनिवारी, "सतरा-सहा."

एरवी ऑफिसात दिवसभर महिना आधी लिहिणारे इंजिनीअर, अकाउंटंट, डॉक्टर. पण वडीलधाऱ्या माणसानं मराठीत तारीख सांगितली आणि सगळ्यांच्या हातांनी शाळेतल्यासारखी ती लिहिली. दहा-सहा. सतरा-सहा. पानंच्या पानं.

मी सही करू शकत नव्हतो. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्वाचा अर्ज नुकताच भरला होता. पण ब्रेकचे पार्ट तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. काकूंनी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "तू चुका शोधायचा पगार घेतोस न? मग शोध."

चूक शोधायला पाव तासही लागला नाही. तांबडी पेन्सिल हातात होती. काकांच्या पहिल्याच पानावर, पहिल्याच तारखेशेजारी मी ठिपका दिला आणि तिथेच थांबलो.

का थांबलो, ते आता सरळ लिहितो. राज्यात चालत असला तरी देशाच्या कायद्यात गांजा गुन्हाच आहे, नागरिक नसलेल्यानं त्याच्या जवळपासही जाऊ नये, असं मी कुठे कुठे वाचलं होतं. कागद तपासण्यानं माझं काही बिघडलं नसतं. पण मी वकिलाला विचारलंच नाही, कारण तो "काही हरकत नाही" म्हणाला असता तर मला घाबरायला कारण उरलं नसतं. सह्यांचा अर्ज आपोआप बारगळला तर मी परस्पर सुटतो, काकूंना नाही म्हणायची वेळ येत नाही, आणि मंडळातही कुणी माझ्याकडे बघत नाही. हे सगळं मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, भर दुपारी, शांतपणे ठरवलं. त्या ओळी खोडून नव्या कागदावर त्याच लोकांच्या सह्या पुन्हा घेता आल्या असत्या. मी पेन्सिल खिशात ठेवली.

टाउनशिपच्या क्लार्कचं पत्र आलं तेव्हा मी काकूंकडे जेवायला होतो. काकूंनी ते मोठ्यानं वाचलं. काही सह्या अजून न उगवलेल्या ऑक्टोबरमधल्या आहेत, काही वर्षाच्या सतराव्या महिन्यातल्या आहेत, सबब त्या धरता येत नाहीत. त्या वगळल्यावर संख्या थोडक्यात कमी पडते. सतराव्या महिन्याला काकूंना हसू आलं. "सतरावा महिना! बाप्पा, आपल्यात तर अधिकही तेरावाच असते." मग त्यांनी काकांकडे बघितलं आणि हसणं थांबवलं.

काकांनी चमचा ताटात ठेवला होता. "माझ्यामुळे गेलं, नलू."

"तुमच्यामुळे काऊन? तपासलं होतं आपण." काकू माझ्याकडे वळल्या. "तुलाही नाही दिसलं न रे, मिलिंद?"

"नाही, काकू," मी म्हणालो.

त्या दिवसानंतर काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणं सोडलं. हिवाळ्यात काकू औषध आणायला निघाल्या की तेही उठून कोट घालायचे. मी चूक केली तर मीही सिग्नल मोजतो, म्हणायचे. दोघं माइल रोडनं दीड तास जात आणि दीड तास येत. माझ्या गाडीला बर्फाची टायर होती आणि मला हायवेची भीती नव्हती. मी एकदाही म्हणालो नाही की मी आणून देतो. काका फेब्रुवारीत गेले. शेवटच्या आठवड्यातही थेंबांमुळे त्यांनी थोडं थोडं खाल्लं, हे काकू आवर्जून सांगतात. वहीचं शेवटचं पानही त्यांनी भरलं आहे. त्यात तारीख आहे, महिना आधी.

आता काकू घरात बसतील असं सगळ्यांना वाटलं. एप्रिलमध्ये त्यांनी कॅरलला फोन केला आणि नव्या कागदांची ऑर्डर दिली. औषधाच्या बाटलीवर "जेवणानंतर घ्या" अशी छोटी नारिंगी लेबलं असतात न, तशी त्यांनी छापून घेतली. मराठीत. "महिना आधी." प्रत्येक क्लिपबोर्डवर, प्रत्येक पेनाला, टेबलाच्या चारी कोपऱ्यांना ती चिकटली. ग्रोसरीच्या दारात त्या उभ्या राहायच्या आणि आपला माणूस पेन उचलताच लेबलावर बोट ठेवायच्या. लोक त्यांना नमस्काराऐवजी "महिना आधी, काकू" म्हणू लागले. एक गोरे शेतकरी आजोबा हरभऱ्याची डाळ घ्यायला आले होते. त्यांनी विचारलं, हे काय लिहिलंय? काकूंनी सांगितलं, मंथ फर्स्ट. आजोबा म्हणाले, आम्ही तर नेहमीच तसं लिहितो. काकू म्हणाल्या, "गुड फॉर यू. आम्ही नवे आहोत, चाळीसच वर्षं झाली." आजोबांनी सही केली आणि डाळ कशी शिजवायची तेही विचारून गेले.

मंडळाचे अध्यक्ष या वेळी स्वतः टेबलाशी बसले. त्यांच्या सासऱ्यांना दरम्यान कंपवात निघाला होता.

आणि गठ्ठा पुन्हा माझ्यापुढे आला. मी तोवर नागरिक झालो होतो आणि माझी सही त्यात होती. मी म्हणालो, काकू, या वेळी दुसऱ्या कुणाला द्या. "काऊन? मागच्या वेळची चूक तुझी नव्हती, आमच्या म्हाताऱ्याची होती. तूच बघ." मी सगळी पानं तीन वेळा बघितली. चार ठिकाणी दोष सापडले, चारही दाखवले. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "या वेळी दिसलं बाप्पा तुला." त्यात टोमणा होता की कौतुक, ते मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही.

नोव्हेंबरमध्ये प्रश्न मतपत्रिकेवर आला. माझ्या आयुष्यातलं अमेरिकेतलं ते पहिलं मत. प्रस्ताव चांगल्या फरकानं मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी काकूंनी सगळ्या कार्यकर्त्यांना मेतकूट-भात खाऊ घातला. कॅरलनं दोनदा घेतला.

दुकान उघडलं ते गाद्यांच्या जुन्या शोरूमच्या जागी, टेन माइल रोडवर. काकूंच्या घरापासून सहा मिनिटं, एक सिग्नल. त्यांना स्वतःला काहीच घ्यायचं नव्हतं, पण पहिल्या दिवशी त्या गेल्या. मी त्यांना सोडायला गेलो होतो. त्यांनी दारावरचं कुलूप हलवून बघितलं, दिवे बघितले आणि एका बाटलीवरचं लेबल सगळं वाचून काढलं. काउंटरवर डाळवाले आजोबा बायकोसाठी आले होते आणि गोंधळले होते. काकू त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "टेल हिम द डोस." मग स्वतःच बोटांनी हवेत थेंब मोजून दाखवू लागल्या.

मागच्या वर्षी काकू लेकीकडे ॲरिझोनाला राहायला गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक खोकं दिलं. मोहिमेचे जुने कागद आहेत, तुझ्याकडे राहू दे, तू तपासणारा, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी लेक गाडी चालवत होती आणि विमानतळाला हायवेनंच जायचं होतं. काकूंनी मागच्या सीटवर बसून पट्टा लावला आणि निघायच्या आधीच डोळे घट्ट मिटून घेतले. गाडी वळली तेव्हा, डोळे मिटलेलेच ठेवून, त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. पाचही बोटं उघडी. मी त्यांना बघितलं ते तेव्हाच शेवटचं.

खोकं मी आठवडाभरानं उघडलं. कागद जमा करण्यापूर्वी काकू सगळ्याची झेरॉक्स काढून ठेवत. पहिल्या मोहिमेच्या गठ्ठ्यात काकांचं पहिलं पान सगळ्यात वर होतं, आणि पहिल्या तारखेशेजारी माझा ठिपका. झेरॉक्समध्ये तो काळा दिसतो. शेंगदाणेसुद्धा पाच-पाच करून मोजणाऱ्या बाईंना तो दिसला नसेल का? दिसला असेल तर कधी? मला माहीत नाही. त्या पानावर एक नारिंगी लेबल चिकटवलेलं आहे, पण तशी लेबलं त्यांनी कुठे कुठे चिकटवली होती.

हा लेख आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात येणार आहे, आणि अंक काकूंना पोस्टानं जातो. त्यांना हे आधी माझ्या तोंडून कळायला हवं. वसंतकाकांना सांगायची वेळ मी घालवली. नलूकाकूंना मी अजून एक फोन देणं लागतो, आणि त्यात एक वाक्य: काकांनी तारीख उलटी सांगितली, ती मला दिसली होती, आणि अर्ज माझ्यामुळे गेला.